वारीचं चित्रण आणि दोन किल्ल्या

तेहतीस वर्षं मी बँकेत नोकरी केली. त्यातली बरीचशी रोकड विभागात गेली. आमच्या तिजोरीला दोन किल्ल्या असत आणि त्या दोघांच्या ताब्यात असत. एक रोखपालाकडे, दुसरी अधिकाऱ्याकडे. जादा किल्ल्यांचा जोड तर आमच्या इमारतीतही नसे. तो लाखेची मोहोर लावून दुसऱ्या शाखेत ठेवलेला असे. संध्याकाळी रोकडीचा मेळ लागल्याखेरीज कुणी डबा उचलून घरी निघत नसे. पाच रुपयांचा फरक आला तरी पुन्हा पहिल्यापासून मोजायचं.

कुठल्याही एका माणसावर, एका जागेवर, एका वस्तूवर सगळं अवलंबून ठेवायचं नाही, एवढंच या सगळ्याच्या मुळाशी होतं. हे मी तेहतीस वर्षं रोज केलं. निवृत्त झालो, रोकडीपेक्षा मोलाची गोष्ट हातात आली, आणि नेमकं तेव्हा सगळं विसरलो. त्याचीच ही गोष्ट आहे. प्रवासात कॅमेऱ्याने चित्रण करणाऱ्या, पण लॅपटॉप बरोबर न नेणाऱ्या कुणालाही ती उपयोगी पडेल असं वाटतं.

जून २०१७ मध्ये मी आत्याबरोबर माउलींच्या पालखीसोबत आळंदीहून पंढरपूरला पायी निघालो. आत्या आणि तिच्या गावच्या चौघी, अशा पाचजणी एकवीस वर्षं एकाच दिंडीत चालत होत्या. वाट सुमारे अडीचशे किलोमीटरची. पाठीवर पिशवी, तिच्यात दोन जोड कपडे, घोंगडी, प्लास्टिकचा कागद. लॅपटॉप नेण्याचा प्रश्नच नव्हता. त्याचं वजन, वरून पाऊस, रात्री राहुटीत पंधरा माणसं दाटीवाटीने झोपलेली. तो ठेवणार कुठे आणि चार्ज करणार कुठे? मी छोटा कॅमेरा घेतला आणि ६४ जीबीची दोन कार्डं. वाटेत कुठेतरी हार्ड डिस्कवर उतरवून घेऊ, या विचाराने एक जुनी हार्ड डिस्कही कपड्यांत गुंडाळून ठेवली.

वाल्ह्याच्या मुक्कामी पहाटे पाचजणी केस विंचरत बसल्या होत्या. त्यांच्यातल्या सगळ्यात थोरल्या, ज्यांना आम्ही सगळे मोठ्या काकू म्हणायचो, त्यांनी जात्यावरच्या ओव्या म्हणायला सुरुवात केली. त्या ओव्या त्यांच्या सासूच्या, सासूला तिच्या आईकडून आलेल्या. बाकीच्या मागून धरत होत्या. मध्येच कुणी हाक मारे, कुणी चहा आणून देई, गाणं थांबे, पुन्हा सुरू होई. मी सात तुकड्यांत ते चित्रित केलं. पहिलं कार्ड तिथेच भरलं.

फलटणला पोचेपर्यंत दुसरंही भरत आलं. तिथे एका दुकानात संगणक दिसला. दुकानातला मुलगा मोठा गुणी होता. कार्ड लावून त्याने विचारलं, ‘काका, कट करू की कॉपी?’ मी म्हटलं, ‘कट कर बाबा, म्हणजे कार्ड रिकामं होईल.’ दहा-बारा मिनिटांत पडद्यावरची हिरवी पट्टी भरली. बाहेर दिंडी निघाल्याची गडबड ऐकू येत होती. मुलगा म्हणाला, ‘काका, थांबा जरा, डिस्क नीट बंद करू द्या.’ मी तोवर वायर ओढलेली होती. दुसऱ्या कार्डाला वेळच नव्हता. रिकामं झालेलं पहिलं कार्ड कॅमेऱ्यात घातलं आणि पुढे बरड, नातेपुते, माळशिरस, गोल रिंगण असं सगळं त्यावरच घेतलं.

घरी आल्यावर हार्ड डिस्क उघडली. सगळी नावं दिसत होती. नावापुढे आकडेही होते. पण शेवटच्या काही फाइली उघडेनात. वाल्ह्याचे तुकडे शेवटी घेतलेले, म्हणून शेवटीच उतरलेले. पुण्यातल्या एका जाणकाराकडे डिस्क आणि कार्ड दोन्ही नेली. सातांपैकी तीन तुकडे मिळाले, चार गेले. मोठ्या काकू एकट्या म्हणत होत्या तो भाग त्या चारांत होता. पुढच्या वर्षी त्या वारीला आल्या नाहीत. त्यानंतर त्या पाचजणी पुन्हा एकत्र चालल्या नाहीत.

आता हे झालं कसं ते सांगतो, कारण ते समजलं की पुढचे सगळे नियम आपोआप समजतात.

संगणक एखादी फाइल डिस्कवर पाठवतो तेव्हा प्रत्येक वेळी ती लगेच डिस्कवर उमटतेच असं नाही. वेग वाढावा म्हणून संगणक काही मजकूर आपल्या तात्पुरत्या स्मृतीत धरून ठेवतो आणि सवडीने डिस्कवर लिहितो. पडद्यावरची पट्टी भरली तरी मागे थोडं काम उरलेलं असू शकतं. डिस्क ‘नीट बंद करणं’ म्हणजे ते उरलेलं काम पुरं करून घेणं. मी वायर ओढली तेव्हा फाइलींची नावं आणि आकार नोंदवहीत चढले होते, पण आतला माल यायचा होता. बँकेच्या भाषेत सांगायचं तर वहीत जमा दाखवली होती, पण नोटा अजून काउंटरवरच होत्या.

त्यात मी कॉपीऐवजी कट सांगितलं होतं. कॉपीमध्ये मूळ जागचा माल जागेवर राहतो. कटमध्ये संगणकाला वाटतं की माल पोचला, म्हणून तो मूळ जागचा पुसून टाकतो. आणि तिसरी चूक सगळ्यात मोठी. कार्डावरून फाइल पुसली किंवा कार्ड फॉरमॅट केलं, तर बहुतेक वेळा फक्त अनुक्रमणिका पुसली जाते. आतलं चित्रण तिथेच पडून असतं आणि फोटोरेकसारख्या मोफत प्रोग्रॅमने ते पुष्कळदा परत काढता येतं. अट एकच, त्या कार्डावर नवं काही लिहिलेलं नसावं. मी त्याच जागेवर रिंगण लिहिलं. म्हणून तुमच्या बाबतीत असं कधी झालं, तर पहिलं काम म्हणजे ते कार्ड कॅमेऱ्यातून काढून बाजूला ठेवणं. त्यावर एक फोटोसुद्धा काढू नका.

व्हिडिओची आणखी एक गंमत आहे. आपण नेहमी वापरतो त्या एमपीफोर फाइलीला आतल्या आत एक अनुक्रमणिका असते. कुठलं चित्र कुठे आहे, आवाज कुठे आहे, हे तिच्यात लिहिलेलं असतं. कॅमेरे बहुतेक वेळा ती चित्रण संपल्यावर, फाइलीच्या शेवटी लिहितात. त्यामुळे फाइलीचा शेवटचा थोडासा भाग जरी पोचला नाही, तरी नव्वद टक्के चित्रण असूनही फाइल उघडत नाही. फोटो अर्धा पोचला तर निदान अर्धा दिसतो. व्हिडिओचं तसं नाही.

याच्यावर उपाय म्हणजे प्रत काढणं. पण प्रत म्हणजे काय, हे आधी ठरवलं पाहिजे. माझ्या मते तीन गोष्टी जमल्या तरच तिला प्रत म्हणावं. ती दुसऱ्या वस्तूवर हवी, दुसऱ्या जागी हवी आणि उघडून पाहिलेली हवी.

दुसरी वस्तू का, ते उघड आहे. मेमरी कार्ड ही अद्‌भुत चीज आहे. त्याच्या आतली फ्लॅश मेमरी जपानमधल्या तोशिबा कंपनीतले अभियंते फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात शोधली. तिच्यात फिरणारा एकही भाग नाही, म्हणून ती धक्के सहज सोसते. पण कार्डाच्या आत एक छोटा नियंत्रक असतो. तो बिघडला तर सगळंच जातं, आणि तो सूचना देऊन बिघडत नाही. शिवाय कार्ड एवढंसं असतं की घोंगडी झटकताना उडून गेलं तर सापडायचं नाही.

दुसरी जागा का? काही कॅमेऱ्यांत दोन कार्डं बसतात आणि एकाच वेळी दोन्हींवर चित्रण उतरतं. ही सोय उत्तम, एक कार्ड बिघडलं तर दुसरं हाताशी असतं. पण कॅमेराच चोरीला गेला, नीरेच्या पात्रात पडला, तर दोन्ही एकदम जातात. पुण्यात जानेवारी २००३ मध्ये फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात जुन्या नायट्रेट फिल्मच्या कोठाराला आग लागली होती. मूळ रिळं जळाली. ज्या चित्रपटांच्या प्रती त्याआधी दुसऱ्या फिल्मवर उतरवून वेगळ्या ठेवल्या होत्या, तेच पुढे उरले. एवढ्या मोठ्या ठेव्याला जो नियम लागू पडतो, तोच आपल्या पिशवीतल्या कार्डाला.

आणि उघडून का पाहायचं? १९९८ मध्ये अमेरिकेत पिक्सार कंपनीत ‘टॉय स्टोरी २’ या चित्रपटाचं काम चालू होतं. कुणीतरी चुकीची आज्ञा दिली आणि संगणकावरचं काम भराभर पुसलं जाऊ लागलं. सगळे म्हणाले, बॅकअप आहे, काळजी नको. पाहतात तर बॅकअप नीट चाललेलाच नव्हता आणि कुणी तपासलंही नव्हतं. गॅलिन सुझमन या बाईंना नुकतंच बाळ झालं होतं, म्हणून त्या घरून काम करत. त्यांच्या घरच्या संगणकावर एक प्रत होती, तिच्यामुळे बरंचसं काम परत मिळालं. केवढी मोठी कंपनी, पण कामी आली ती दुसऱ्या घरात असलेली, उघडणारी प्रत.

छायाचित्रकारांच्या जगात ‘३-२-१’ असा एक नियम प्रसिद्ध आहे. पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकाराने २००० च्या दशकात तो रूढ केला. तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या वस्तूंवर, आणि त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. घरी हा नियम पाळणं सोपं. वाटेवर तीन प्रती नेहमी जमतीलच असं नाही. पण दोन प्रती दोन जागी, एवढं कुठल्याही प्रवासात जमतं, आणि त्याला लॅपटॉप लागत नाही.

पूर्वी यासाठी खास पेट्या मिळत. एप्सन कंपनीची पी-२००० नावाची एक पेटी २००४ मध्ये आली होती. तिच्यात कार्ड घालायचं, बटण दाबायचं, की चित्रं आतल्या ४० जीबीच्या डिस्कवर उतरत. त्या काळी ४० जीबी म्हणजे डोंगर वाटायचा. आज चांगल्या कॅमेऱ्याचं तासाभराचं चित्रणही त्यात मावणार नाही. आता मात्र वेगळी पेटी लागत नाही, कारण लॅपटॉपचं एवढं काम आपल्या खिशातला फोनच करतो.

लागतात तीन वस्तू. टाइप-सी जोडणीचा फोन, कार्ड रीडर आणि एसएसडी. आयफोनमध्ये २०२३ मध्ये आलेल्या पंधराव्या मालिकेपासून टाइप-सी आहे, अँड्रॉइडमध्ये तर पुष्कळ आधीपासून. एसएसडी म्हणजे फ्लॅश मेमरीचीच डिस्क, साबणाच्या वडीएवढी. तिच्यात तबकडी फिरत नाही, म्हणून ट्रकच्या धक्क्यांना ती जुन्या हार्ड डिस्कपेक्षा बरी. शिवाय ती वीजही कमी खाते. फोन बाहेरच्या वस्तूला थोडीच वीज देऊ शकतो. तबकडीवाली डिस्क लावली तर ती नुसती टकटक करते आणि चालू होत नाही, असं पुष्कळदा होतं.

कार्ड रीडर आणि एसएसडी दोन्ही फोनला एकदम जोडायची तर एक छोटा हब घ्या. त्यात चार्जरची वायर लावायलाही जागा असते, म्हणजे काम चालू असताना फोनला पॉवर बँक जोडता येते. हब नसेल तर दोन टप्प्यांत करा. आधी कार्डावरून फोनमध्ये, मग फोनमधून एसएसडीवर. त्यासाठी फोनमध्ये तेवढी जागा मोकळी हवी.

हे सगळं घरी करून पाहा, वाटेवर पहिल्यांदा नको. एसएसडीचं फॉरमॅट कोणतं आहे ते पाहावं लागतं. एक्सफॅट असेल तर बहुतेक फोन, कॅमेरे आणि संगणक तिला ओळखतात. जुन्या फॅट३२ मध्ये ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही, आणि व्हिडिओ तेवढे सहज होतात. एनटीएफएस असेल तर काही फोन आतलं वाचतात, पण त्यावर लिहीत नाहीत. फॉरमॅट बदललं तर आतलं सगळं पुसलं जातं, म्हणून ते काम डिस्क रिकामी असतानाच करावं.

नवं कार्डही घरीच तपासावं. बाजारात बनावट कार्डं असतात. वर लिहिलेलं १२८ जीबी आणि आत त्याच्या निम्म्यानेही जागा नसते. कार्ड भरत आलं की ते नवं चित्रण जुन्यावरच लिहितं आणि कॅमेऱ्याला पत्ता लागत नाही. म्हणून निघण्याआधी एकदा कार्ड पूर्ण भरेपर्यंत चित्रण करावं आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत उघडून पाहावं. मग ते कॅमेऱ्यातच फॉरमॅट करून रिकामं करावं.

आता रोजची रीत. संध्याकाळी मुक्कामाला पोचलं, हातपाय धुतले, चहा झाला, की हे काम घ्यायचं. फोनवर फाइल्सचं अॅप उघडायचं. त्यात कार्ड दिसतं, एसएसडी दिसते. एसएसडीवर त्या दिवसाचं नवं फोल्डर करायचं, उदाहरणार्थ ‘०७ वाल्हे’. कार्डावरची सगळी फोल्डरं त्यात कॉपी करायची, निवडक नाही. काही कॅमेरे फोटो ‘डीसीआयएम’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवतात आणि व्हिडिओ ‘प्रायव्हेट’ नावाच्या दुसऱ्याच फोल्डरमध्ये. नुसतं पहिलं फोल्डर उतरवून निश्चिंत झालात, तर व्हिडिओ मागेच राहतात.

रोजचं फोल्डर वेगळं का, त्यालाही कारण आहे. कार्ड बदललं की काही कॅमेरे आकडा पुन्हा एकपासून सुरू करतात. म्हणजे सोमवारी क्रमांक एकची फाइल आणि गुरुवारीही क्रमांक एकची फाइल. दोन्ही एकाच फोल्डरमध्ये टाकू गेलात तर फोन विचारतो, जुनी बदलून नवी ठेवू का? दमलेला माणूस ‘हो’ म्हणतो आणि सोमवार जातो.

कॉपी चालू असताना फोनचा पडदा बंद होऊ देऊ नका, फोन घ्यायला धावू नका. काही फोनमध्ये पडदा बंद झाला की काम थांबतं. वेळ किती लागतो? आपल्याकडे ३० जीबी चित्रण आहे असं धरू. जोडणी वेगवान असेल तर सहा-सात मिनिटं. फोनची किंवा वायरची जोडणी जुन्या यूएसबी २.० च्या वेगाची असेल तर पंधरा मिनिटं. तोंडावरून दोन्ही टाइप-सी सारख्याच दिसतात, आतला वेग वेगळा असतो. चार्जरबरोबर आलेल्या वायरी बहुधा धीम्या असतात.

मग मेळ लावायचा. कार्डावर फाइली किती आणि एसएसडीवर किती, दोन्हींचा एकूण आकार किती, हे जुळवायचं. त्यानंतर एसएसडीवरची पहिली फाइल, मधली एक आणि शेवटची फाइल उघडायची. त्या दिवशीचा जीव की प्राण तुकडा असेल तर तोही उघडायचा आणि बोटाने सरकवत शेवटापर्यंत न्यायचा. हे सगळं दोन मिनिटांचं काम आहे. मग फाइल्सच्या अॅपमधून एसएसडी ‘काढा’ म्हणायचं, फोनने होकार दिला की थोडं थांबून वायर काढायची. काही फोनमध्ये असं बटण नसतं. तिथे काम पुरं संपल्याचं पाहून, मिनिटभर थांबून वायर काढावी.

कार्ड मात्र पुसायचं नाही. हा माझा सगळ्यात आवडता नियम. कार्ड भरलं की ते मूळ दस्तऐवज समजून बाजूला ठेवावं आणि नवं घालावं. त्यासाठी हिशेब आधी करावा लागतो. माझा आताचा कॅमेरा फोर-के चित्रण १०० एमबीपीएस या दराने करतो. म्हणजे मिनिटाला सुमारे ७५० एमबी, तासाला ४५ जीबी. मी दिवसाला चाळीस मिनिटांपेक्षा जास्त घेत नाही, म्हणजे ३० जीबी. अठरा दिवसांचे झाले ५४० जीबी. १२८ जीबीची पाच कार्डं पुरतात. भरलेल्या कार्डाच्या कडेची छोटी कळ ‘लॉक’ वर सरकवावी आणि डबीत ते पालथं ठेवावं. सुलटं ते रिकामं, पालथं ते भरलेलं. अंधारात राहुटीतही चूक होत नाही. पावसाळ्यात डबी झिपच्या पिशवीत, आणि पिशवीत नव्या बुटांबरोबर येते तसली ओल शोषणारी पुडी.

बरेच जण विचारतात, एवढं सगळं कशाला, इंटरनेटवर चढवून टाकलं की झालं. शहरात हॉटेलात चांगलं वायफाय असेल तर जरूर करा. वाटेवरचा हिशेब मात्र ऐका. ३० जीबी चढवायचे आणि नेटचा चढता वेग ५ एमबीपीएस असेल, तर सव्वातेरा तास लागतात. पालखीच्या मुक्कामी लाखो माणसं एकाच टॉवरखाली असतात, तिथे तेवढाही वेग मिळत नाही. म्हणून सगळं न चढवता दिवसाचा एकच दोन-तीन मिनिटांचा मोलाचा तुकडा घरी पाठवावा. व्हॉट्सअॅपने पाठवायचा तर तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. तिथे २ जीबीपर्यंतची फाइल जशीच्या तशी जाते. नेहमीसारखा व्हिडिओ म्हणून पाठवला तर तो दाबून लहान केला जातो आणि परत मिळते ती धूसर प्रत.

आता माझ्या दुसऱ्या वारीविषयी. २०२० आणि २०२१ मध्ये साथीमुळे पायी वारी झाली नाही, पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. २०२२ मध्ये वारी पुन्हा सुरू झाली तेव्हा मी निघालो. आत्याचे गुडघे तोवर बोलू लागले होते, ती घरीच राहिली. मी बरोबर पाच कार्डं घेतली आणि ५०० जीबीच्या दोन एसएसडी.

दिंडीत दुसरी जागा आयतीच असते. माणसं पायी चालतात आणि सामान ट्रकमधून पुढच्या मुक्कामाला जातं. कार्डांची डबी माझ्या कमरेच्या पिशवीत, एसएसडी ट्रकमध्ये. ट्रकवर एक तात्या असायचे, भांडीकुंडी, शिधा, तंबू सगळं त्यांच्या ताब्यात. पहिल्या संध्याकाळी मी ती डिस्क त्यांच्या हाती दिली आणि म्हटलं, ‘तात्या, ही एवढी जपा.’ ते म्हणाले, ‘काय आहे रे ह्यात?’ म्हटलं, ‘आजची वारी.’ त्यांनी ती आपल्या कपड्यांच्या पेटीत ठेवली आणि कुलूप लावलं. दुसऱ्या दिवसापासून चहाच्या आधी तेच विचारायचे, ‘आजचं झालं का टाकून?’ रोखपाल आणि अधिकारी, तसं आमचं सुरू झालं.

फलटणला आत्याचा नातू भेटायला आला. आळंदी ते फलटण सगळं ज्या एसएसडीवर होतं, ती त्याच्याबरोबर घरी पाठवली. तिथून पुढे दुसरी एसएसडी तात्यांच्या पेटीत. म्हणजे पहिल्या अर्ध्या वारीची एक प्रत माझ्या कमरेला आणि एक आत्याच्या गावी, दुसऱ्या अर्ध्याची एक माझ्या कमरेला आणि एक ट्रकमध्ये. कुठेही, कधीही, दोन प्रती एका पिशवीत आल्या नाहीत. वेळापूरच्या पुढे मोठा पाऊस झाला, माझी पिशवी आतपर्यंत भिजली. काही गेलं नाही. पण गेलं असतं तरी चाललं असतं, हे ठाऊक असल्यामुळे त्या रात्री मला झोप लागली.

तुम्ही वारीलाच जाल असं नाही. नर्मदा परिक्रमेला जाल, हिमालयात जाल, मुलीकडे परदेशी जाल. ट्रक नसेल तर सोबत्याची बॅग असते. एकट्याने जात असाल तर एक प्रत अंगावर आणि एक खोलीतल्या सामानात ठेवा. परतीच्या प्रवासात एक हातातल्या पिशवीत आणि दुसरी सोबत्याकडे द्या.

पंढरपूरहून परतताना मी आत्याच्या गावी उतरलो. एसएसडी कुठे आहे विचारलं. आत्याने ती पत्र्याच्या पेटीत, सातबाऱ्याच्या कागदांच्या खाली ठेवली होती. नातवाने तिला सगळं टीव्हीवर लावून दाखवलं होतं. दिवे घाट, जेजुरी, नीरेचं स्नान, सगळं तिने दोनदा पाहिलं होतं. मला म्हणाली, ‘ह्यात आमचं वाल्ह्याचं गाणं नाही रे.’

पाच वर्षं मी तिला खरं सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सांगितलं. तीन तुकडे आहेत, चार माझ्या हातून गेले. ती काही बोलली नाही. मी फोनवर ते तीन तुकडे लावले. तिने ते ऐकले, मग पदर सावरून बसली आणि म्हणाली, ‘काकूंसारखं नाही जमायचं. पण आठवतंय तेवढं म्हणते. घे.’

अकरा मिनिटांचं चित्रण झालं. मधल्या दोन ओव्या तिलाही आठवल्या नाहीत. त्या रात्री जेवायच्या आधी मी त्याची प्रत काढली, शेवटापर्यंत उघडून पाहिली, एक तिच्या पेटीत सातबाऱ्याखाली ठेवली आणि एक घेऊन निघालो.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)